रेडियम निघतं, गम राहतो: गाडीवरची जुनी ग्राफिक्स काढण्याची रीत

खंडेनवमीच्या आधीचे पंधरा दिवस कोल्हापुरातल्या आमच्या रेडियमच्या दुकानासमोर ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि छोटा हत्ती म्हणतात त्या लहान टेम्पोंची रांग लागलेली असते. उसाचा हंगाम तोंडावर आलेला, गाडीवर नवं नाव हवं, नवी पट्टी हवी, आणि जुनं काही शिल्लक दिसायला नको. गाडीतून उतरता उतरता प्रत्येकाचा प्रश्न एकच : "जुनं रेडियम लगेच निघतंय न्हवं?"

निघतं. दहा-पंधरा मिनिटांत निघतं. त्याच्या खाली राहिलेला गम काढण्यात मात्र दुपार जाते. नव्यानं कामाला लागलेली पोरं फिल्म ओढायच्या घाईत असतात आणि त्या घाईचं व्याज गम पुसताना फेडत बसतात. म्हणून पुढं जे सांगणार आहे ते सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं : फिल्म अशी सोडवायची की गम तिच्या पाठीला धरून तिच्याबरोबरच आला पाहिजे. जेवढा तिच्याबरोबर येईल तेवढं तुमचं काम वाचलं.

हे लिहिताना डोळ्यांसमोर दोघं जण आहेत. एक दुकानात नवीन लागलेला पोरगा, आणि दुसरा स्वतःच्या गाडीवरचं स्टिकर रविवारी घरीच काढू बघणारा माणूस. दोघांची हत्यारं वेगळी, चुका त्याच.

आधी ओळखा, मग हात लावा

आपल्याकडं गाडीवर चिकटलेल्या सगळ्यालाच रेडियम म्हणतात. त्यात रेडियम नावाचं मूलद्रव्य कणभरही नसतं. असते ती पीव्हीसीची पातळ फिल्म, म्हणजे विनाइल, आणि तिच्या पाठीला दाबला की धरणारा ॲक्रिलिकचा गम. पण ही फिल्म दोन तऱ्हेनं बनते, आणि काढताना तो फरक लगेच हाताला कळतो.

स्वस्तातली असते ती कॅलेंडर फिल्म. रुळांमधून दाबून लाटलेली, चपातीसारखी. लाटताना तिला ताण बसलेला असतो, त्यामुळं ती पुढं वर्षानुवर्षं थोडी थोडी आकसत राहते. जुन्या स्टिकरच्या कडेनं जी काळी चिकट रेघ दिसते ती म्हणजे फिल्म आत सरकल्यावर उघडा पडलेला गम आणि त्यावर बसलेली धूळ. दुसरी कास्ट फिल्म. ती पातळ ओतून भट्टीत सुकवलेली, तव्यावरच्या आंबोळीसारखी. तिला ताण नसतो, जाडीही कमी, साधारण ५० मायक्रॉन. महागडी असते, पण निघताना अखंड निघते. पूर्ण गाडी रॅप केलेली, म्हणजे फिल्मनं मढवलेली असेल तर बहुतेक हीच असते. ट्रॉलीवर नाव, टेम्पोवर फोन नंबर असेल तर डोळे झाकून कॅलेंडर समजा.

उन्हानं फिल्ममधलं मऊपणा देणारं द्रव्य उडून जातं आणि ती पापडासारखी होते. नखानं कोपरा उचलून बघा. वाकला तर तुमचं नशीब चांगलं. कडकन तुटला तर दुपार गेली म्हणून समजा आणि गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगा.

तिसरी जात म्हणजे रात्री लाइट पडला की चमकणारी रिफ्लेक्टिव्ह. तिच्या आत काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात, थरावर थर असतात. ती ओढली की वरचा थर हातात येतो आणि खालचा गाडीवर राहतो. हिच्यासाठी वेळ दुप्पट धरा, पैसेही तसेच सांगा.

आणि चौथं, जे निघतच नाही. बऱ्याच मोटारसायकलींच्या टाकीवरची कंपनीची डिझाइन क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, खाली असतात. नख फिरवा; कड लागलीच नाही तर ते त्या थराखाली आहे. ते घासून घालवायचं म्हणजे टाकी पुन्हा रंगवायची. असल्या कामाला रेडियमवाला नको, पेंटर पाहिजे.

काही गोष्टी काढायच्याच नसतात. ट्रक, टेम्पो, ट्रॉलीला पुढं पांढरी, बाजूला पिवळी आणि मागं लाल अशी जी रिफ्लेक्टिव्ह टेप असते ती शोभेची नाही. मोटार वाहन नियमांत ती सांगितलेली आहे आणि पासिंगला बघतात. गाडी साफ करायच्या भरात ती सोलली तर त्याच दिवशी नवी प्रमाणित टेप लावून द्या. उसाच्या हंगामात रात्री अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीचं मागचं टोक कुणाला दिसलं नाही तर काय होतं, हे आपल्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको. तसंच पुढच्या काचेवरचं नंबर प्लेटबरोबर मिळालेलं तिसरं स्टिकर आणि फास्टॅग. पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला केशरी असं ते स्टिकर काढताना फाटावं म्हणूनच बनवलेलं असतं. पुन्हा चिकटत नाही.

खालचा रंग कुणी मारलाय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच सगळे विसरतात. कारखान्यात मारलेला रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो. तो पत्र्याला घट्ट धरून असतो. गॅरेजमध्ये दुरुस्तीनंतर मारलेल्या रंगाचा तसा भरवसा देता येत नाही. खाली पुट्टी असेल, प्रायमर नीट बसला नसेल, रंग हवेवर वाळलेला असेल. असल्या पत्र्यावरचं स्टिकर ओढलं की स्टिकरबरोबर रंगही येतो.

ओळखायचं कसं? दरवाजा उघडून रबरी बीडिंगच्या कडा बघा, तिथं रंगाचा फवारा उडालेला असेल तर पुन्हा रंगवलेली गाडी. बिजागऱ्यांच्या स्क्रूवर रंग तडकलेला असेल तरी तेच. शेजारच्या दोन पत्र्यांची छटा उन्हात तिरकी बघा. आणि एवढं सगळं करण्यापेक्षा सोपं म्हणजे मालकाला विचारा, "दादा, ही बाजू कधी ठोकली होती काय?" बहुतेक जण खरं सांगतात.

मी शिकत होतो तेव्हा विचारलं नव्हतं. एका व्हॅनच्या सरकत्या दरवाजावरचं जुनं नाव काढायचं होतं. फिल्म निघाली, गम राहिला, आणि मी कोपऱ्यातला थिनरचा डबा घेतला. दोन हात मारले तर फडकं पांढरं झालं. मला वाटलं गम निघतोय. तिसऱ्या हाताला खालचा राखाडी प्रायमर दिसला. वस्ताद लांबून बघत होते. ओरडले नाहीत. जवळ आले, फडकं हातातून घेतलं, नाकाला लावलं आणि म्हणाले, "पगारातनं जाणार बघ." पैसे गेलेच. दरवाजा पूर्ण रंगवून द्यावा लागला. तेव्हापासून कुठल्याही गाडीवर कुठलंही द्रावण आधी दरवाजाच्या आतल्या कडेवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, दोन मिनिटं लावून बघतो. फडक्यावर रंग आला तर ते द्रावण त्या गाडीला नाही.

रंग नवा मारलेला आहे असं कळलं तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की रंग निघायची शक्यता आहे, आणि त्याचा होकार घेऊनच हात लावा.

धुणं

शाम्पूच्या पाण्यानं धुवा, कोरडं करा. कंटाळवाणं काम आहे म्हणून टाळू नका. आपल्या रस्त्यावरची लाल माती आणि खडीचा चुरा पत्र्यावर असेल आणि त्यावरून तुम्ही कार्ड घासलंत, तर चरे तुमच्या नावावर.

ऊब

गम उबेला मऊ होतो आणि फिल्मही लवचिक होते. त्यामुळं थंडीत सकाळी सातला हे काम करायला घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये गाडी तासभर उन्हात लावली तरी अर्धं काम होतं, पावसाळ्यात मात्र हीटगन लागतेच.

हीटगनच्या तोंडाशी ५००-६०० अंशांची हवा निघते, हे कायम डोक्यात ठेवा. पत्रा तापवायचा आहे तो ५० ते ६० अंशांपर्यंत. तोंड पत्र्यापासून १०-१५ सेंटीमीटर लांब ठेवून हात सतत हलता ठेवायचा, इस्त्री फिरवतो तसा. एका जागी थांबलात तर आधी फिल्म चुरगळते, मग रंगाला फोड येतो. थर्मामीटर नसेल तर तळहात लावून बघा : दोन-तीन सेकंद ठेवता आला पाहिजे, आणि मग उचलावासा वाटला पाहिजे. लावताच चटका बसला तर जास्त झालं.

प्लास्टिकच्या बंपरला आणि फायबरला याहून कमी. तिथं घरचा हेअर ड्रायर बरा. घरी करणाऱ्यांनीही हेअर ड्रायरच वापरावा. वेळ लागतो, पण नुकसान होत नाही.

मोटारसायकलच्या टाकीजवळ हीटगन अजिबात नाही. हेअर ड्रायरसुद्धा नाही, त्यात तापलेली तार असते. टाकीत पेट्रोल कमी असलं म्हणजे धोका कमी असं पोरांना वाटतं. उलट रिकाम्या जागेत वाफ भरलेली असते. पेठेच्या संघाचं किंवा तालमीचं स्टिकर टाकीवरून काढायचं असेल तर टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून, त्यावर दोन मिनिटं धरायचा. निवला की पुन्हा. चार-पाच फेऱ्यांत कोपरा सुटतो.

ओढणं

कोपरा नखानं किंवा जुन्या एटीएम कार्डानं उचला. लोखंडी पातं रंगावर नाही, कधीच नाही.

आता इथं जरा सावकाश वाचा. पट्टी पत्र्यापासून उभी वर खेचायची नाही. ती स्वतःच्याच पाठीवर दुमडल्यासारखी, पत्र्याला जवळजवळ लागून मागं न्यायची. आणि हळू. मिनिटाला फूट-दीड फूट एवढाच वेग. एका हातात हीटगन, ती पट्टी सुटते त्या रेषेच्या थोडी पुढं ऊब देत चालली पाहिजे. दुसरा हात मागं येत राहतो. दोन हातांची लय जमायला आठवडा लागतो.

सुटण्याच्या त्या रेषेकडं बघत राहा, तीच सगळं सांगते. फिल्म टरकन फाटली तर पत्रा थंड आहे. गम पाकासारखा तारा धरायला लागला, अर्धा फिल्मवर आणि अर्धा पत्र्यावर, तर गरम जास्त झालंय. अर्धा मिनिट थांबा, निवू द्या. दोन्हींच्या मधे एक जागा असते जिथं फिल्म बारीक चर्र आवाज करत सुटते आणि खाली पत्रा कोरडा चकचकीत दिसतो. ती सापडली की हात तिथंच ठेवा.

मोठं चित्र एकदम ओढायचं नाही. पण ब्लेडनं गाडीवरच त्याच्या पट्ट्या पाडायच्या असंही नाही. पूर्वी कुणीतरी तसं केलेलं असतं म्हणूनच कित्येक गाड्यांचं रेडियम काढलं की खाली केसासारख्या बारीक रेघा दिसतात. स्टिकर लावताना कटर रंगातून आत पत्र्यापर्यंत गेलेला असतो. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या पावसात त्या रेघेतून गंज चढतो. अशी रेघ दिसली तर फोटो काढून मालकाला लगेच दाखवा, नाहीतर ती तुमच्या माथी येते.

पापड झालेली फिल्म पट्टीनं येत नाही, चिपाट्या येतात. तिथं प्लास्टिकचं पातं उबेबरोबर चालवायचं, नाहीतर सरळ पुढं सांगितलेलं रबर व्हील.

अजून एक गोष्ट, जी कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकात नसते. आपल्याकडं निम्म्या गाड्यांवर ज्योतिबा, अंबाबाई किंवा शिवाजी महाराज असतात. हीटगन लावून महाराजांच्या चित्राचे तुकडे पायाखाली पडलेले कुणाही मालकाला बघवत नाहीत, आणि बघवूही नयेत. असं चित्र आधी काढायचं, जमेल तेवढं अखंड, आणि वेगळ्या कागदात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचं. काही जण ते पंचगंगेत सोडतो म्हणतात. हे प्लास्टिक आहे, विरघळत नाही, एवढं हात जोडून सांगावं.

गम

आता खरं काम.

राहिलेला गम बघा कसा आहे. पातळ आणि मऊ असेल तर द्रावणाच्या आधी टेप वापरून बघा. पॅकिंगची रुंद टेप गमावर दाबायची आणि फटकन उचलायची. गमाला गमच ओढतो. नवीन गमाच्या बाबतीत निम्मा असाच निघतो. अंगठ्यानं रगडूनही गोळ्या होऊन निघतो, पण त्या मार्गानं दरवाजा साफ करायला गेलात तर संध्याकाळी जेवताना घास धरता येणार नाही.

द्रावणं सौम्याकडून कडक अशा क्रमानं घ्या. पहिला नंबर तेलाचा. घरच्या माणसाला खोबरेल पुरतं : लावायचं, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, पुसायचं. दुकानात टर्पेंटाईन, रॉकेल आता सहज मिळत नाही, टर्पेंटाईन रंगाच्या कुठल्याही दुकानात मिळतं. दुसरा नंबर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला सगळे आयपीए म्हणतात. तेलकट डाग न ठेवता उडून जातो आणि भाजलेल्या रंगाला सहसा काही करत नाही. लिंबूवर्गी सालीच्या तेलाचे तयार रिमूव्हर मिळतात तेही चांगले, फक्त महाग. शेवटचा थिनर. माझ्या मते नवशिक्यानं तो हातात घेऊच नये. भाजलेल्या रंगावर एखादा हात चालून जातो. गॅरेजच्या रंगावर, बंपरवर, हेडलाइटवर चालत नाही. हेडलाइटची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेट असते, थिनर लागला की तिच्यात जाळं पडतं आणि ते कायमचं.

लावायची पद्धत महत्त्वाची. बाटली गाडीवर ओतायची नाही. ओघळ खाली रबरात, बीडिंगमध्ये जातो. बनियनचं जुनं कापड द्रावणानं भिजवून गमावर पसरवायचं आणि वरून स्वयंपाकघरात डबे झाकायला वापरतात ती पातळ प्लास्टिकची फिल्म लावायची, म्हणजे द्रावण उडून जात नाही. पाच ते दहा मिनिटं थांबायचं. चहा पिऊन या. हा थांबण्याचा वेळ कुणी देत नाही आणि मग घासत बसतात. गम द्रावण पिऊन फुगतो, मग जुनं कार्ड तिरकं धरून एका दिशेनं पुढं ढकललं की त्याच्या शेवया होऊन गोळा होतात. त्या कागदावर उचलायच्या. फडक्यानं गोल गोल घासलंत तर तोच गम सगळ्या दरवाजाभर सारवला जातो.

फडक्याची बाजू सारखी बदलायची. एकदा गम लागलेली बाजू दुसऱ्यांदा वापरली म्हणजे काढलेला गम परत लावला. आमच्याकडं एका छोट्या हत्तीच्या दोन बाजूंना आठ-दहा फडकी सहज जातात.

आगीबद्दल चार ओळी, कारण दुकानं छोटी असतात आणि शेजारी वेल्डिंग चालू असतं. थिनरमधल्या टोल्युइनची वाफ ४ अंश सेल्सियसलाही पेट घेऊ शकते, आयपीएची साधारण १२ अंशांना, टर्पेंटाईनची ३५च्या आसपास. आपल्या मे महिन्यातली दुपार या तिन्हींना पुरून उरते. या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत सरपटत जातात, म्हणून खाली ठेवलेली पेटती पणतीसुद्धा पुरते. द्रावण ओलं असताना हीटगन चालू करायची नाही. आधी ऊब आणि फिल्म, मग गन बंद करून बाजूला, मग द्रावण. पेट्रोल टाकीतून काढून गम पुसणारे भेटतील. त्यांच्या शेजारी उभं राहू नका. हातात नायट्राइलचे मोजे घाला. टर्पेंटाईननं कातडी तडकते आणि त्याच हातानं संध्याकाळी तांबडा रस्सा खायचा असतो.

रबर व्हील आणि ग्राइंडरचा मोह

पापडी झालेली पट्टी किंवा कडक झालेला गम मोठ्या जागेवर असेल तर इरेजर व्हील, म्हणजे खोडरबराचं चाक, ड्रिलला लावून चालवतात. खोडरबर कागदावर करतं तेच इथं होतं, भुगा पडत जातो. भाजलेल्या रंगाच्या पत्र्यावर हे उत्तम चालतं.

फक्त एक. ही चाकं साधारणपणे मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या आतच चालवायची असतात. चाकावर लिहिलेला आकडा वाचा. ड्रिल ३,०००च्या आसपास फिरतो, बरोबर बसतं. उद्यमनगरात, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या भागात, प्रत्येक हाताला ग्राइंडरची सवय, आणि चार इंची ग्राइंडर फिरतो ११,०००च्या वर. त्याला हे चाक बसवलं तर ते फाटून उडतं, आणि न फाटलं तर रंग भाजतं. चाक एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही, मधे मधे हात लावून पत्रा किती तापलाय ते बघायचं. प्लास्टिक, फायबर आणि गॅरेजचा रंग यांवर चाक नाही. डोळ्याला चष्मा.

काच

काचेवर लोखंडी पातं चालतं, ही एकच जागा. साबणाचं पाणी भरपूर मारून, पातं तिरकं, साधारण ३० अंशांत धरून, एकाच दिशेनं ढकलायचं. मागं ओढायचं नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली तेव्हा आम्ही दिवसच्या दिवस हेच केलं. त्यात शिकलेली एक गोष्ट : मागच्या काचेवर आडव्या बारीक तपकिरी रेघा असतात, त्या धुकं घालवणाऱ्या हीटरच्या. आतल्या बाजूनं असतात. त्यांच्यावर पातं फिरलं की रेघ तुटली आणि तो हीटर गेला. तिथं फिल्मवर साबणाचं पाणी मारून, वरून काळं प्लास्टिक लावून, गाडी तासभर उन्हात उभी करायची आणि मग हातानं हळूहळू सोलायची. राहिलेला गम ओल्या फडक्यानं, रेघांच्याच दिशेनं.

सावली

सगळं निघालं, गाडी धुतली, मालक खूश, आणि उन्हात घेतली तर जुनं नाव तसंच्या तसं वाचता येतंय. स्कूल व्हॅनचा पिवळा आणि ट्रॅक्टरचा लाल यांत हे फार दिसतं. गम राहिलेला नसतो. भोवतालचा रंग उन्हानं फिका झालेला असतो आणि स्टिकरखालचा मूळचा तसाच असतो.

पॉलिशनं बाहेरचा मेलेला थर काढला की फरक कमी होतो. पूर्ण जाईल असं वचन देऊ नका. कारखान्याच्या रंगावरचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा पातळ असतो. नाव पूर्ण घालवायच्या हट्टानं कंपाऊंड, म्हणजे घासायची पॉलिश, मारत राहिलात तर तो संपतो आणि तिथं पांढरट चट्टा पडतो. ट्रॅक्टरला तर बऱ्याचदा क्लिअर कोटच नसतो, फडक्यावर लाल रंगच येतो, तिथं आणखी जपून. मी सरळ गिऱ्हाइकाला नवीन डिझाइन जुन्या सावलीला झाकेल असं करून देतो. जुनं नाव "जय मल्हार" असेल तर नव्या अक्षरांच्या मागं एक रुंद पट्टा. त्याला सावली दिसत नाही आणि आपल्यालाही चार पैसे जास्त मिळतात.

नवीन लावायच्या आधी

तेल किंवा टर्पेंटाईन वापरलं असेल तर पत्र्यावर त्याचा न दिसणारा थर असतो. शाम्पूनं दोनदा धुवा, मग ७० भाग आयपीए आणि ३० भाग पाणी करून पुसा, आणि ते आपोआप वाळायच्या आत कोरड्या फडक्यानं उचला. झालं का हे बघायला स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारा. पाणी सलग चादरीसारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ. एखाद्या जागी फाटून बाजूला सरकलं तर तिथं अजून तेल किंवा गम आहे, तेवढ्यावर पुन्हा हात मारा. नुकतंच पॉलिश किंवा वॅक्स केलेल्या गाडीवर पाणी सगळीकडंच फाटतं; तिथं आयपीएनं आधी वॅक्स उतरवा, मग बघा.

गाडी नुकतीच रंगवून आणली असेल तर नवीन स्टिकर तीन-चार आठवडे लावू नका. रंगातलं द्रावण अजून बाहेर पडत असतं, फिल्मखाली बुडबुडे येतात. खंडेनवमी परवावर आली असेल तर हे कुणी ऐकत नाही, पण सांगून ठेवा.

निघालेल्या फिल्मचा ढीग सुक्या कचऱ्यात द्यायचा. आमच्या गल्लीत एक आजी पाणी तापवायच्या बंबासाठी जळण मागत फिरतात, दुकानासमोर हा ढीग दिसला की थांबतात. पीव्हीसी जळालं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, घसा धरतो, तांब्याचा बंबही खातो. त्यांना आम्ही फिल्मच्या रोलमधल्या पुठ्ठ्याच्या नळ्या देतो. त्या झकास जळतात म्हणे.